मृत्युपत्र करताय? आधी वाटण्यांचं बोलू

आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिलंच वाक्य म्हणतात, “तिघांना सारखं द्यायचंय, तेवढं लिहून द्या.” लिहून देणं सोपं आहे. पण घर, शेत आणि फ्लॅट यांचे तीन सारखे भाग होत नाहीत.

समजा, चोवीस गुंठे बागायत आहे, मुलं तीन. प्रत्येकी आठ गुंठे येतात. महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 10 गुंठे आहे; त्याखालचा तुकडा पाडून वाटणी करता येत नाही. मग सात-बारावर तिघांची नावं सामाईक लागतात, विहीर एकच, आणि पाण्याच्या पाळीवरून पहिला खटका उडतो. त्यापेक्षा जो शेत कसतो त्याला ते पूर्ण द्यावं आणि त्यानं बाकी दोघांना किती आणि किती मुदतीत द्यायचं, ते मृत्युपत्रातच लिहावं. रुपयांचा आकडा मात्र घालू नका, वीस वर्षांत तो हास्यास्पद होतो. त्या वेळच्या रेडीरेकनरप्रमाणे (मिळकतींच्या सरकारी दरांचा तक्ता) अमुक हिस्सा, असं लिहा.

आधी दिलेल्याचाही हिशेब हवा. थोरल्याच्या फ्लॅटसाठी भरलेले पैसे, धाकटीच्या शिक्षणाचं कर्ज, एखाद्याच्या धंद्यात बुडालेले. हे भावंडांना पैन्‌पै आठवतं, आई-वडील मात्र विसरलेले असतात. ते वजा धरायचं की सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवा, पण लिहा. आजारपणात जवळ राहिलेल्या मुलीला जास्त द्यायचं असेल तर कारणही एका ओळीत लिहा. कायद्याला ते लागत नाही, भावंडांना लागतं.

मुलींबद्दल स्पष्ट बोलतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच हक्कदार झाली, आणि ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. अशा मिळकतीत तुम्ही फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देऊ शकता. मुलीचा हिस्सा तुमचा नाहीच. साडी-चोळीवर बोळवण करून हक्कसोडीवर सही घेण्याचा बेत असेल, तर त्यासाठी आमच्याकडे येऊ नका. स्वकष्टार्जित मिळकत कुणालाही द्या.

सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे फ्लॅट त्याचा झाला, हा गैरसमज आम्हाला दर आठवड्याला भेटतो. नॉमिनी बाकीच्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसराच, अशी गाठ ठेवू नका.

बाकी सोपं आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक (आम्ही करायला सांगतो). दोन साक्षीदार तुमच्याहून तरुण असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे ते नसावेत. एक साक्षीदार तुमचा नेहमीचा डॉक्टर असला तर उत्तम. “याखेरीज जे काही उरेल ते” कुणाला, हे वाक्य घरी लिहिलेल्या मृत्युपत्रांत हमखास राहतं.

भेटीला येताना सात-बारा, आठ-अ, प्रॉपर्टी कार्ड, फ्लॅटचा करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि कर्जांची यादी आणा. मुलांना पहिल्या खेपेला आणू नका. तुमच्या मनात काय आहे, ते आम्हाला आधी तुमच्याकडून ऐकायचंय.