पेरूच्या जेलीत जिलेटिन नसतं

‘जेली म्हणजे जिलेटिन, आम्हाला चालत नाही,’ असं म्हणत घरच्या पेरूच्या जेलीची वाटी बाजूला सारणारी माणसं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं. हा समज पाकिटातल्या जेलीवरून आला. तिच्यापैकी काहींत जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं जिलेटिन असतं, हे खरं. फळाची जेली मात्र जमते फळातल्याच पेक्टिनमुळे. हा वनस्पतींमधला पदार्थ. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये त्याला नाव दिलं. पेरूत तो भरपूर असतो, आणि पिकून मऊ झालेल्या पेरूपेक्षा गाभुळलेल्यात जास्त. फोडी बुडतील एवढ्या पाण्यात शिजवायच्या, मलमलच्या फडक्यातून रस आपोआप गळू द्यायचा (पिळलात तर जेली गढूळ होते), मग वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर आणि लिंबू घालून उकळायचं. साखर आणि आंबटपणा मिळाला की पेक्टिनची जाळी धरते. साधारण १०५ अंश सेल्सिअसला, चमचा आडवा धरल्यावर थेंब वेगवेगळे न पडता एकत्र येऊन पापुद्र्यासारखे सुटले, की गॅस बंद. जमण्यासाठी बाहेरून जिलेटिन घालावं लागत नाही.