जॉइंटर (रंधा मशीन): घरच्या वर्कशॉपमधला सुरक्षित वापर

जॉइंटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरफेस प्लेनर किंवा सरळ रंधा मशीन म्हणतात ते, लाकडाची एक बाजू सपाट करतं आणि तिच्या शेजारची कड तिला काटकोनात करून देतं. एवढंच त्याचं काम. फळी सगळीकडे सारख्या जाडीची करायची असेल तर ते काम थिकनेसरचं, जॉइंटरवर दोन्ही बाजू मारल्या तर दोन्ही सपाट होतील पण एकमेकींना समांतर होतीलच असं नाही, आणि नवीन माणूस बरेचदा इथेच फसतो, फळी उलटसुलट करून मारत बसतो, ती पातळ होत जाते आणि हात दर वेळी पात्यांच्या थोडा जवळ येत जातो.

रचना साधी आहे. दोन लोखंडी टेबलं, मधे खाच, खाचेत आडवा फिरणारा कटर हेड आणि त्यात घट्ट बसवलेली दोन, तीन किंवा चार पाती. लाकूड जिथून आत सरकवायचं ते इनफीड टेबल, जिथे बाहेर येतं ते आउटफीड. आउटफीड टेबल पात्याच्या सगळ्यात वरच्या टोकाशी समपातळीत हवं, आणि इनफीड त्याच्यापेक्षा जेवढं खाली तेवढं लाकूड निघतं. बाजूला उभी फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची सरळ भिंत. घरगुती मशीन बहुतेक ६ इंची, म्हणजे १५० एमएम रुंदीची, आणि हेडचा वेग साधारण मिनिटाला ४,००० ते ६,००० फेरे. तीन पाती आणि ५,००० फेरे धरले तर सेकंदाला २५० वेळा पातं त्या खाचेतून वर येऊन जातं. करवतीने तुटलेलं बोट कधीकधी तरी सर्जनकडे नेऊन जोडता येतं, इथे मात्र मांस आणि हाड छिलक्यासारखं निघून जातं, जोडायला काही उरतच नाही. म्हणून ह्या मशीनचे सगळे नियम शेवटी एकाच गोष्टीवर येतात: हात कधीही कटर हेडच्या वर नसावा, आणि लाकडाचा तुकडा जर इतका छोटा असेल की हात तिथे न्यावाच लागेल, तर तो तुकडा मशीनवर न्यायचाच नाही.

जुन्या काळी हेड चौकोनी असायचा. चौकोनी दांड्याला पाती बोल्टने आवळलेली, त्यामुळे टेबल आणि हेड यांच्यात मोठी पोकळी राहायची आणि लाकूड निसटलं की हात सरळ आत ओढला जायचा. गोल हेड आल्यावर ही पोकळी खूप कमी झाली. ब्रिटनने १९२२ मध्ये लाकूडकाम यंत्रांसाठी नियम केले त्यात हाताने लाकूड ढकलायच्या अशा मशीनला गोल हेड सक्तीचा केला. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमात तर पातं हेडच्या गोलाईबाहेर १/८ इंचापेक्षा जास्त यायला नको, म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेत एक सूत, असं मापच दिलंय. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमात यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालायला सांगितलं, पण ते कारखान्यांसाठी, घराच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये मशीन टाकणाऱ्याला विचारायला कोणी इन्स्पेक्टर येत नाही, तिथे आपणच काय ते बघायचं.

गार्ड दोन प्रकारचे असतात. अमेरिकन पद्धतीचा स्प्रिंगवर फिरणारा, लाकूड आलं की बाजूला होतो आणि लाकूड पुढे गेलं की परत येऊन हेड झाकतो. युरोपियन पद्धतीचा पुलासारखा, हेडच्या वर आडवा राहतो आणि फळी त्याच्याखालून जाते, हात मात्र त्याच्यावरून. मला दुसरा जास्त चांगला वाटतो कारण फळी पुढे गेल्यावरसुद्धा हेड उघडा पडत नाही. पण जो असेल तो लावलेला असणं महत्त्वाचं, आणि आपल्याकडच्या कितीतरी वर्कशॉपमध्ये तो काढून कोपऱ्यात ठेवलेला दिसतो, कामात मधे येतो म्हणून. स्प्रिंगवाला गार्ड दर वेळी हाताने उघडून सोडून बघावा, भुशाने जाम झाला असेल तर तो परत येत नाही आणि आपल्याला वाटत राहतं की हेड झाकलेला आहे.

आपल्याकडे एक ऑल इन वन मशीन खूप चालतं, वर रंधा, त्याच शाफ्टच्या एका टोकाला गोल करवत आणि दुसऱ्या टोकाला ड्रिलचं चक. स्वस्त पडतं, जागा कमी लागते, पण रंधा मारताना ती करवत आणि ते चकसुद्धा फिरतच असतं आणि आपलं लक्ष समोरच्या फळीवर, बाजूला कमरेजवळ काय फिरतंय तिकडे नसतं. रंधा मारायचा असेल तेव्हा करवतीचं पातं काढून ठेवावं, चकमधला बिट काढावा, थोडा वेळ जातो पण त्याला पर्याय नाही. दुसरा प्रकार म्हणजे हातातला इलेक्ट्रिक रंधा उलटा करून स्टँडवर बसवायचा आणि स्विच लॉक करून टाकायचा. ८२ एमएमचं पातं, साधारण १६,००० फेरे, टेबल वीतभर, आणि स्टँडसोबत नीट गार्ड आला नसेल तर पातं सताड उघडं. असा जुगाड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता विजेबद्दल, कारण आपल्याकडे हा भाग वेगळाच आहे. लाईट जाते, आपण मशीनचं बटण बंद करायला विसरतो, भुसा झाडायला हात घालतो आणि लाईट येते. साध्या खटक्याच्या बटणावर चालणारं मशीन त्या क्षणी सुरू होतं. ह्याला उपाय म्हणजे शेतातल्या मोटारीला असतो तसला हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर, लाईट गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण परत दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. फक्त शेतपंपाला लावतात तो ऑटो स्विच ह्याला अजिबात लावायचा नाही, तो लाईट आल्यावर मोटार आपोआप चालू करण्यासाठीच असतो. लाल बटण असं हवं की हात गुंतलेले असताना गुडघ्याने किंवा मांडीने दाबता यावं. अर्थिंग पाहिजेच. आणि पात्याला हात लावायचा असेल तेव्हा प्लग काढून तो डोळ्यासमोर ठेवायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही, शिवाय बटण बंद केल्यावरही हेड काही सेकंद फिरत राहतो, तो पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं.

पाती बसवल्यावर एक सोपी तपासणी आहे. प्लग काढलेला. एक सरळ लाकडी पट्टी आउटफीड टेबलावर ठेवून ती पात्याच्या वरून पुढे येऊ द्यायची आणि हेड हाताने, पुलीला धरून, हळूच फिरवायचा. पातं पट्टीला दोन-तीन एमएम पुढे ओढून सोडून देतं. सगळी पाती दोन्ही टोकांना सारखंच ओढतात का ते बघायचं. जास्त ओढलं तर पातं वर आहे, फळीच्या शेवटी खड्डा पडेल, अजिबात ओढलं नाही तर पातं खाली आहे आणि फळी आउटफीडच्या कडेला अडकेल, आणि फळी अडकली की माणूस जोर लावतो, जोर लावला की हात निसटतो. पात्याचे स्क्रू मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे करत आवळायचे आणि शेवटी परत एकदा सगळे तपासायचे, सैल पातं त्या वेगात बाहेर फेकलं जाऊ शकतं.

लाकूड बघूनच घ्यावं. जुन्या वाड्याचं सागवान आजकाल बरेच जण आणतात, लाकूड उत्तम असतं पण आत तुटलेले खिळे, स्क्रू, चुन्याचे कण अडकलेले, ते पात्याची धार घालवतात आणि ठिणगी किंवा तुकडा तोंडावर येऊ शकतो. लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवावा, तारेच्या ब्रशने घासावं, तरीही शंका असेल तर हातरंधा. पॅकिंगच्या पेट्यांच्या पाईनचंही तेच. मोठी सैल गाठ असलेली, तडा गेलेली फळी नको. प्लाय आणि एमडीएफ ह्या मशीनवर नेऊ नये, त्यातला डिंक पाती लवकर बोथट करतो आणि बोथट पातं म्हणजे परत जास्त जोर. बाक आलेल्या फळीची खोलगट बाजू खाली ठेवायची, म्हणजे दोन टोकं टेबलावर टेकतात आणि फळी डुलत नाही. लाकडाचे रेषे असे हवेत की फळीच्या कडेवर बघितलं तर ते खाली येताना मागे, म्हणजे इनफीडकडे, उतरत जातात, उलटे असले तर पातं लाकूड उचकटतं आणि फळीला झटका बसतो.

मापं अशी धरावीत: लांबी किमान १२ इंच, जाडी किमान अर्धा इंच, कड मारायची असेल तर कडेची रुंदी किमान पाऊण इंच. ह्याच्यापेक्षा लहान काही असेल तर लांब फळी आधी मारून मग तुकडे कापावेत, हा क्रम लक्षात ठेवला तर अर्धे धोके टळतात. अरुंद फळीचं टोक, म्हणजे रेषे उभे येतात ती बाजू, मारू नये. एका वेळी अर्धा सूत म्हणजे दीड एमएम खूप झालं, रुंद बाजू किंवा शिसव-बाभळीसारखं कडक लाकूड असेल तर त्याच्याही निम्मं.

उभं राहायचं मशीनच्या बाजूला, फळीच्या थेट मागे नाही, कारण पाती फळी जाते त्याच्या उलट दिशेने फिरतात आणि फळी उसळली तर इनफीडच्या मागेच येते. डावा पाय पुढे, फळी फेन्सला टेकलेली. सुरुवातीला दाब इनफीडवर, मग फळी वीतभर पुढे गेली की दाब आउटफीडवर न्यायचा आणि तिथेच ठेवायचा, कारण सपाट झालेली बाजू आता तिथे टेकलेली असते. रुंद बाजू मारताना दोन्ही हातात पुश ब्लॉक, मागच्या ब्लॉकला टाच हवी जी फळीच्या शेवटच्या टोकाला धरते. हे घरी बनवता येतात, लाकडी ठोकळा, वर मूठ, खाली चिकटवलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. फळीच्या मागच्या टोकावर बोटं दुमडून ढकलायची सवय अनेकांना असते, ती मोडावी, शेवटच्या इंचाला ती बोटं पात्यावरच जातात. आणि फळी अर्ध्यातून मागे ओढायची नाही, पुढेच जाऊ द्यायची.

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ, मनगटाला बांधलेला गंडा किंवा लाल धागा, हे सगळं काढून ठेवायचं, ओढणी आणि सैल बाह्या नकोत, आणि हातमोजेसुद्धा नकोत, हातमोज्याचं टोक पकडलं गेलं की अख्खा हात जातो. पायात चप्पल न घालता बूट, खाली छिलके पडले की फरशी फार निसरडी होते. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवलंय, सागवान आणि शिसवीच्या धुळीने बऱ्याच जणांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रासही होतो, त्यामुळे मास्क आणि जमल्यास धूळ ओढणारा पंप.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरायचा आणि १०८ ला फोन किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. बोटाचा तुकडा मिळाला तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही. वर्कशॉपमध्ये एकटं असताना मशीन चालवायचं असेल तर घरात कोणाला तरी सांगून ठेवावं.

सेकंडहँड मशीन घेताना आधी हेड बघावा, चौकोनी असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. मग बेअरिंगमध्ये खेळ आहे का, दोन्ही टेबलं लांब पट्टीने एका पातळीत येतात का, टेबलाचे लॉक धरतात का. पाती बदलता येतात, बेअरिंग बदलता येतात, पण गार्ड नसेल आणि तो बसवायला जागाच नसेल तर ते मशीन दुकानातच राहू द्यावं.