सातभाईंच्या वस्तीत शिरण्याआधी
(सकाळच्या फेरीला नाव नोंदवलेल्या पाहुण्यांसाठी)

नाव नोंदवलंत, आभार. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून रुसवा नको. सिंहगडाच्या पायथ्याच्या या दरीत स्वर्गीय नर्तक दिसतो, हे खरं. पण या फेरीत आपण त्याच्यामागे धावणार नाही. अडीच तास एकाच पक्ष्याच्या संगतीत घालवायचे आहेत, आणि तो पक्षी म्हणजे सातभाई. मागे एक पाहुणे म्हणाले, "अहो, हे तर आमच्या सोसायटीच्या कुंपणावरही असतात!" असतातच. पण तिथे चहाचा कप हातात धरून अर्धा तास त्यांच्याकडे कोण बघतं?

सातभाई दिसायला देखणा नाही. मातकट राखाडी अंग, पिवळी चोच, फिकट डोळे आणि चेहऱ्यावर कायम कुणावर तरी चिडल्यासारखा भाव. नर-मादी सारखेच दिसतात. सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या सातभाईची शेपटी जास्त तांबूस असते. दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना कर्नल साइक्स यांनी १८३२ साली त्याचं वर्णन केलं. त्याच यादीत त्याचा मोठा चुलतभाऊही आहे. हा उघड्या माळावर राहतो, उडताना त्याच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात, आणि त्याच्या शास्त्रीय नावात मुंबईचे गव्हर्नर माल्कम अजून टिकून आहेत. पुण्याहून सासवडकडे जाताना जो दिसतो तो बहुधा हा. दोघांची गल्लत आम्हीही पुष्कळदा केली आहे.

सात म्हणजे सातच असतील असं नाही. थवा साधारण सहा ते दहा जणांचा. मोजायचा तर जमिनीवर मोजू नका, पालापाचोळ्यात ते सारखे जागा बदलतात. वाट ओलांडू लागले की मोजा. एक जातो, मग दुसरा, मग तिसरा: चार वेळा पंख मारायचे आणि तरंगत पलीकडच्या झुडपात उतरायचं. सगळे गेले असं वाटल्यावरही जरा थांबा. शेवटचा एक हमखास मागे राहिलेला असतो, आणि पलीकडून त्याच्या नावाने आरडाओरडा चालू असतो.

खाली सगळे पानं उलटून किडे शोधत असताना एखादा उंच फांदीवर बसलेला दिसेल. त्याला आळशी समजू नका, तो पहाऱ्यावर आहे. शिक्रा दिसला की त्याचा इशारा होतो आणि क्षणात सगळे झुडपात गडप. साप दिसला तर मात्र उलटं होतं: सगळे गोळा होऊन त्याच्याभोवती कालवा करतात. असा कालवा कानावर आला तर आमच्या माणसाच्या पुढे जाऊ नका. दोनदा त्या गोंगाटाखाली घोणस निघाली आहे.

आता त्यांचे डोळे बघा. ज्याची बुबुळं गडद, तो लहान. वय वाढतं तशी ती फिकट, दुधाळ होत जातात. गडद डोळ्यांच्या पिलाला एकामागून एक तीन-चार जण चारताना दिसले तर सगळेच आईबाप नसतात. मोठी भावंडंही घरट्यावर राबतात. दुपारी एका फांदीवर खेटून बसून एकमेकांच्या मानेची पिसं साफ करणं, हा या घराचा दुसरा मोठा उद्योग.

पावसाळ्यात येणार असाल तर आणखी एक गंमत. ज्याच्यावर आपण इतक्या कविता केल्या तो चातक आफ्रिकेकडून पावसाबरोबर येतो आणि आपली निळसर अंडी सातभाईच्या निळ्या अंड्यांत बेमालूम मिसळून देतो. "पेरते व्हा" म्हणत शेतकऱ्याला कामाला लावणारा पावशाही स्वतःचं पिल्लू वाढवायचं काम याच कुटुंबावर सोपवतो. चातकाचं पिल्लू घरच्या पिलांबरोबरच वाढतं, आणि त्यालाही सगळे मिळून चारतात. घरटं दिसलं तरी जवळ जायचं नाही, फांदी वाकवून फोटो तर मुळीच नाही.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्यांना बोलावणं आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका. फरसाण, बिस्किटं पिशवीतच राहू द्या. कपडे मातकट किंवा हिरवे, बूट जुने चालतील. दुर्बीण नसेल तर आमच्याकडे चार आहेत, पण आधी कळवा. एका फेरीत आठच माणसं. नववा कितीही जवळचा पाहुणा असला तरी पुढच्या रविवारी.

आतकरवाडीत सकाळी सव्वासहाला भेटू. रिमझिम असली तरी फेरी होते, कारण भिजलेले सातभाई पिसं फुगवून एका ओळीत दाटीवाटीने बसतात आणि तेव्हा ते सर्वांत नीट दिसतात. छत्री मात्र आणू नका, टोपीचा रेनकोट आणा. छत्री फटकन उघडली की पहारेकरी ओरडतो, आणि मग अर्धा तास आपण नुसत्या झुडपाकडे बघत बसतो.