समाजशास्त्राची पदवी आणि नोकरी: फारकत कुठे पडली?

समाजशास्त्रात एम.ए. केलेल्याला कारखान्यातल्या कल्याण अधिकाऱ्याच्या जागेसाठी सहसा विचारत नाहीत. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेल्याला त्या पदवीवर महाविद्यालयात समाजशास्त्राचा सहायक प्राध्यापक होता येत नाही. दोघांच्या टेबलावरची निम्मी पुस्तके मात्र तीच असतात. बारावीनंतर गोंधळ होतो तो इथेच, आणि त्याचे मूळ मुंबईत आहे.

१९१४ साली भारत सरकारने मुंबई विद्यापीठाला अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवण्यासाठी अनुदान मंजूर केले. प्रत्यक्ष विभाग उघडला तो १९१९ मध्ये, ‘समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र’ या जोडनावाने. प्रमुख होते पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश गृहस्थ मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, पण नाव झाले नगररचनेत. वस्ती पाडण्याआधी ती पायी फिरून पाहा, कोण कुठे पाणी भरते, कुठून कामाला जाते ते नोंदवा, हा त्यांचा आग्रह. म्हणजे विषय आला तोच शहराची पाहणी करणारा म्हणून.

१९२४ मध्ये सूत्रे मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे गेली. संस्कृतचा हा विद्वान गेडिस यांच्या शिफारशीने इंग्लंडला गेला आणि केंब्रिजमध्ये रिव्हर्स यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकून परतला. जात, गोत्र, नातेसंबंध, साधू, आदिवासी असे विषय त्यांनी ग्रंथांच्या आधाराने मांडले, विद्यार्थ्यांना मात्र गावोगाव पाठवले. १९५९ पर्यंत ते विभागाचे प्रमुख होते. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. यूपीएससीच्या समाजशास्त्र वैकल्पिक विषयाच्या दुसऱ्या पेपरात भारतीय समाजाकडे पाहण्याचे तीन दृष्टिकोन अभ्यासाला आहेत आणि त्यांपुढे घुर्ये, श्रीनिवास व देसाई ही तीन नावे छापलेली असतात. एकाच विभागातला गुरू आणि त्याचे दोन शिष्य! देसाई तर गुरूच्या मांडणीच्या पार दुसऱ्या टोकाला, मार्क्सवादी. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यात वैकल्पिक विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर आहेत. त्यामुळे ही नावे आता मराठी माध्यमाच्या अभ्यासिकांतही रोजची झाली आहेत.

फारकत पडली ती १९३६ मध्ये. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, टिस. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्यात वस्तीकाम करणारे. तिथे शिक्षणाचा गाभा होता प्रत्यक्ष कामाचा: वस्ती, रुग्णालय, कामगार. मग १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याच्या कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले. पात्रता ठरवण्याचे काम राज्यांकडे गेले आणि नियमांनी समाजकार्य व कामगार कल्याणाच्या शिक्षणाला पसंती दिली. एका शाखेला कायद्याने नोकरी मिळवून दिली. दुसरीच्या वाट्याला आली अध्यापनाची जागा.

ती वाट आजही आहे, पण अरुंद. सहायक प्राध्यापकासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा. नेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरीही मुले पहिल्या पेपरात मार खातात, कारण तक्ते आणि आकडेमोड कला शाखेत टाळलेली असते. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.बरोबर बी.एड. हवे. पात्र होऊनही कायम जागा मिळेलच असे नाही. वर्गातली पटसंख्या घटली की कार्यभार भरत नाही आणि तासिका तत्त्वावर वर्षे निघून जातात. हे प्रवेश घेतानाच कोणी सांगत नाही.

दुसरी वाट गेडिस यांच्या पाहणीचीच, आणि आमच्या मते जास्त भरवशाची. डेक्कन कॉलेजमध्ये समाजशास्त्र-मानवशास्त्र शिकवणाऱ्या इरावती कर्वे यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाणी भरल्यानंतर, माणसे उठल्यानंतर. १९७६ मध्ये महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. आणि २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने क्रमच उलटा केला: सामाजिक परिणामांचा अभ्यास आधी, तोही सहा महिन्यांत. मग जनसुनावणी, मग तज्ज्ञ गट. या गटात सामाजिक शास्त्रांचे दोन अशासकीय अभ्यासक असलेच पाहिजेत, असे कायदा सांगतो. (२०१८ च्या दुरुस्तीने राज्याने काही प्रकल्पांना या अभ्यासातून सूट दिली, हेही लक्षात ठेवावे.) त्याच सुमारास, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. त्या कामाच्या आधीची आणि नंतरची मोजणी करणारी माणसे लागू लागली.

अशा पाहणीत काम बिघडते ते ठरलेल्या जागी. प्रगणक सकाळी अकराला जातो, तेव्हा मजूर कामावर असतात आणि घरात सापडतात ते म्हातारे. पुरुष कुटुंबप्रमुख बाईच्या वतीने उत्तर देतो. ‘पाणी आणि रस्ता मिळतो का?’ असे दोन प्रश्न एकात कोंबले की ‘हो’ म्हणजे नक्की काय ते कळत नाही. म्हणून प्रश्नावली आधी वीसेक घरांत तपासून घ्यायची, बाईची मुलाखत बाईने घ्यायची आणि संध्याकाळची फेरी ठेवायची. सर्वांत महागात पडणारी चूक यादीची. तलाठ्याकडून सातबारा घेऊन त्यावरच घरे ठरवली, तर वाटेकरी, कुळे, शेतमजूर आणि गावातले कारागीर सुटतात. २०१३ चा कायदा मात्र आधीची तीन वर्षे त्या भागात काम करणाऱ्या आणि त्यावरच पोट असणाऱ्या अशा कुटुंबांनाही बाधित धरतो. सातबाऱ्यावर नाव नसलेले घर शोधायचे तर वाडी-वस्तीचा नकाशा हाताने काढावा लागतो, एकेका उंबऱ्याला क्रमांक द्यावा लागतो.

म्हणून एम.ए.च्या दोन वर्षांत संशोधन पद्धतीचा पेपर ‘सुटला की झाले’ म्हणून सोडू नये. शेवटच्या सत्रात प्रकल्पाचा पर्याय असेल तर तो घ्यावा, पन्नास-साठ घरांची माहिती स्वतः जमवावी, एक्सेलमध्ये भरावी, आर किंवा एसपीएसएस या सांख्यिकीच्या संगणकप्रणालीवर तक्ते काढावेत. लोकसंख्याशास्त्राकडे कल असेल, तर देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम पाहते. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायचे तर आकडेमोड आतापासूनच पक्की हवी. नोंदवहीच्या प्रती मात्र वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात: श्रीनिवास यांनी अभ्यासलेल्या कर्नाटकातल्या रामपुरा गावाच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे एकाच आगीत सापडल्या.