अमेरिकन फुटबॉल : नवख्या प्रेक्षकासाठी प्राथमिक नियम

अमेरिकन फुटबॉल हा प्रत्येकी ११ खेळाडूंच्या दोन संघांत लंबगोल चेंडूने खेळला जाणारा, रग्बीच्या पोटातून निघालेला मैदानी खेळ. अमेरिकेत नुसते ‘फुटबॉल’ म्हटले की हाच. आपल्याकडच्या फुटबॉलला तिथे ‘सॉकर’ म्हणतात. नावात पाय असला तरी तो चेंडूला मोजक्याच प्रसंगी लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच : बावीस धिप्पाड गडी समोरासमोर वाकून उभे राहतात, चारपाच सेकंद एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, आणि पुन्हा घोळके करून कुजबुज सुरू. यात गंमत ती काय, असे वाटणे साहजिक आहे. पण नजर चेंडूवरून काढून जमिनीवर ठेवली की खेळ उलगडू लागतो. हे सगळे जमिनीसाठी चाललेले असते, आणि कोण कुठवर पोचला याची खूण म्हणजे चेंडू.

मैदान १०० यार्ड (सुमारे ९१ मीटर) लांब आणि ५३ यार्डांहून थोडे अधिक रुंद असते. दोन्ही टोकांना १० यार्डांचा एकेक पट्टा जोडलेला असतो, त्याला ‘एंड झोन’ म्हणतात. दर ५ यार्डांवर आडवी रेघ मारलेली असते. आकडे मध्यावर ५० पर्यंत चढतात आणि पुढे उतरत जातात, म्हणून ३० ची खूण मैदानावर दोन ठिकाणी सापडते. समालोचक ‘स्वतःच्या ३० वर’ म्हणतो तेव्हा संघाला अजून ७० यार्ड कापायचे असतात. ‘समोरच्यांच्या ३० वर’ म्हणाला तर फक्त ३०.

सगळ्या खेळाचा कणा ‘डाऊन’ हा आहे. चढाई करणाऱ्या संघाला किमान १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. त्यातला प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाऊन. १० यार्ड झाले की हिशेब पुसला जातो आणि नवे चार डाऊन मिळतात. समजा, चेंडू स्वतःच्या ३० वर आहे : पहिला डाऊन, १० बाकी. एकाने चेंडू छातीशी धरून धाव घेतली, ३ यार्डांवर पकड झाली : दुसरा डाऊन, ७ बाकी. मग फेकलेला चेंडू कुणाच्याच हाती न लागता जमिनीवर पडला. प्रगती शून्य : तिसरा डाऊन, ७ बाकी. आता ९ यार्डांची फेक झेलली गेली, चेंडू ४२ वर आला, आणि पुन्हा पहिला डाऊन, १० बाकी. पडद्याच्या कोपऱ्यात ‘थर्ड अँड सेव्हन’ असे दिसते त्याचा अर्थ इतकाच. नवख्याने सुरुवातीला बाकी काही नाही कळले तरी चालेल, पण तिसरा डाऊन चुकवू नये. स्टेडियममधला आरडाओरडा नेमका तेव्हाच का वाढतो ते आपोआप कळते.

हा नियम कुणाच्या हट्टामुळे आला ते पाहण्यासारखे आहे. १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना पहिला मानला जातो, पण त्याचे रूप आजच्या सॉकरच्या जवळचे होते. एका बाजूला २५ जण. पुढे येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प याच्या आग्रहाने १८८० मध्ये रग्बीतली झोंबाझोंबी जाऊन चेंडूचा ताबा एका संघाकडे ठेवण्याची रीत आली आणि खेळाडू ११ झाले. ताबा कधी सोडायचा हे मात्र कुणी लिहिले नव्हते. १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात प्रिन्स्टनने सामन्याचा पहिला अर्धा भाग चेंडू पोटाशी धरून काढला, दुसऱ्या अर्ध्या भागात येलने तेच केले. निकाल ०-०, प्रेक्षक वैतागलेले. म्हणून १८८२ मध्ये तीन डाऊनमध्ये ५ यार्ड, नाहीतर चेंडू द्या, असा नियम झाला. अंतर मोजायचे म्हणून रेघा आल्या आणि मैदान लोखंडी जाळीसारखे दिसू लागले. ‘ग्रिडआयर्न’ हे टोपणनाव त्यातूनच पडले. १९०५ मध्ये खेळताना अनेक तरुण दगावले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि ५ चे १० यार्ड झाले. चौथा डाऊन १९१२ चा.

१० यार्ड झाले की नाही याचा निवाडा कितीतरी वर्षे साखळीने होत आला. दोन काठ्यांमध्ये १० यार्डांची साखळी. शंका आली की ती बाजूच्या रेषेवरून आत आणायची, ताणायची आणि चेंडूचे टोक पुढच्या काठीला पोचते का ते पाहायचे. विटीदांडूत दांड्याने अंतर मोजताना गल्लीत जशी वादावादी होते, तशी मोजणी सत्तर हजार लोकांसमोर चाललेली असते. अमेरिकेतल्या व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, २०२५ पासून ही मोजणी कॅमेऱ्यांनी होते. साखळी जवळ ठेवतात ती अडीनडीला. १० यार्ड कुठे पुरे होतात ते दाखवणारी टीव्हीवरची पिवळी रेघ मात्र मैदानावर नसतेच. ती १९९८ पासून संगणकाने काढली जाते.

प्रत्येक डाऊनची सुरुवात ‘स्नॅप’ने होते. मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे उभ्या क्वार्टरबॅककडे देतो. तो चेंडू एखाद्या धावपटूच्या हाती सोपवतो, स्वतः पळतो किंवा पुढे फेकतो. पुढे फेकायची मुभा एका डाऊनमध्ये एकदाच, तीही जिथून डाव सुरू झाला त्या रेषेच्या मागूनच. प्रतिपक्षाने फेक मधेच झेलली किंवा हातातून सुटलेला चेंडू उचलला, तर ताबा तत्क्षणी बदलतो. खेळाडू बदलण्यावर मर्यादा नाही. म्हणून चढाईचे ११ वेगळे, बचावाचे वेगळे आणि लाथेच्या डावांचे बहुतांशी तिसरेच.

चौथ्या डाऊनला खरा पेच पडतो. उरलेले अंतर कापायला गेले आणि फसले, तर चेंडू तिथेच प्रतिपक्षाला मिळतो. म्हणून बहुतेक संघ लांब लाथ मारून तो दूर ढकलतात, हा ‘पंट’. गोल जवळ असेल तर खांबांमधून चेंडू मारून ‘फील्ड गोल’चे ३ गुण घेतात.

चेंडू एंड झोनमध्ये नेला की ‘टचडाऊन’, ६ गुण. नाव काहीही सांगो, चेंडू जमिनीला टेकवावा लागत नाही, गोलरेषेच्या हद्दीत शिरला की पुरे. त्यानंतर लाथेने एक किंवा पुन्हा एंड झोन गाठून दोन जादा गुणांची संधी असते. चेंडूवाल्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पकडले तर बचाव करणाऱ्यांना २ गुण, ‘सेफ्टी’. ही वेळ क्वचितच येते.

चूक झाली की पंच पिवळे फडके फेकतो आणि दंड जमिनीतच वसूल होतो. स्नॅपआधी चढाईवाला हलला तर ५ यार्ड मागे, प्रतिपक्षाला बेकायदा धरून ठेवले तर १०. ज्याच्यावर अन्याय झाला तो संघ दंड नाकारूही शकतो. झालेला डावच त्याच्या फायद्याचा असेल, तर दंड घेऊन तो पुसायचा कशाला?

एनएफएल सामना १५ मिनिटांच्या चार भागांचा, पण उरकायला तीन तास लागतात. फेक जमिनीवर पडली की घड्याळ थांबते, मैदानात पकड झाली तर चालू राहते. त्यामुळे शेवटी आघाडीवर असलेल्या संघाचा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकतो. पुढचा स्नॅप करायला ४० सेकंद मिळतात, तो ती सगळी जिरवतो. समोरच्यांकडे घड्याळ थांबवायचे टाइमआउट उरले नसतील, तर सामना संपलाच. १८८१ ची ती खोड, कायदेशीर आणि दोन मिनिटांपुरती.

भारतात २०१२ च्या एलिट फुटबॉल लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ उतरला होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत ‘फ्लॅग फुटबॉल’ खेळला जाणार आहे. एका बाजूला पाच जण, अंगावर आदळायला मनाई. चेंडूवाल्याच्या कमरेची पट्टी खेचली की डाऊन संपला. मोजणारी साखळी इथे नाहीच : चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची आणि पुढच्या चारांत एंड झोन गाठायचा.