गळालेला आकडा शोधताना

मागच्या कापूस हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) वजनकाट्यावर १२३४० किलोचा माल संगणकाच्या पडद्यावर १२४० किलो दिसला, तेव्हा कोणी केबल बदलली आणि कोणी संगणकाला लिंबू-मिरची बांधली. लिंबाच्या रसाने जोडण्या गंजतात, याहून अधिक परिणाम त्या उपायाचा होत नाही.

जुन्या टर्मिनल आणि मोडेमच्या काळातही हाच रोग होता आणि तेव्हाही दोष आधी तारेच्याच माथी मारला जाई. तारेत गोंगाट शिरला तर बहुधा अक्षर बदलते आणि त्या जागी भलतेच चिन्ह उमटते. शेजारची अक्षरे शुद्ध असून मधले एकच नाहीसे झाले असेल, तर आधी घेणाऱ्याकडे, म्हणजे अक्षरे घेणाऱ्या संगणकाकडे किंवा यंत्राकडे पाहावे. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने, प्रत्येक अक्षराचे ८ बिट आणि पुढेमागे एकेक बिट धरल्यास, ९६० अक्षरे येतात, म्हणजे एका अक्षराला जेमतेम १ मिलिसेकंद मिळतो. तारेवरून येणारी अक्षरे संगणकासाठी घेणाऱ्या ८२५० या जुन्या चिपमध्ये आलेले एकच अक्षर थांबू शके. तेवढ्या वेळात प्रोसेसरने ते उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्याच्यावर येऊन बसे. पुढे १६५५०ए चिपमध्ये १६ अक्षरांची रांग आली आणि उसंत सुमारे १६ पटींनी वाढली.

रांग कितीही लांब केली तरी ती भरतेच, म्हणून पाठवणाऱ्याला थांबवावे लागते. त्यासाठी घेणारा १९ क्रमांकाचे चिन्ह पाठवून ‘थांब’ आणि १७ क्रमांकाचे पाठवून ‘चालू कर’ असे सांगतो. जिनिंगच्या फाटकावरच्या माणसाने हात दाखवला, तरी गल्लीत शिरलेल्या बैलबंड्या आत येतातच. तसेच हा निरोप पोहोचेपर्यंत वाटेतली अक्षरे येतच राहतात. मध्ये मोडेम आणि टेलिफोनची लाइन असेल, आणि निरोपाला दशांश सेकंद लागला, तर ९६०० च्या वेगाने तेवढ्यात ९६ अक्षरे येऊन पडतात, म्हणून जागा पुरती भरण्याच्या बरेच आधी हात दाखवावा लागतो. शिवाय अक्षरांऐवजी कच्ची माहिती पाठवताना तीत १७ किंवा १९ हेच आकडे आले, तर ते निरोप समजून गिळले जातात. ‘थांब’ आणि ‘चालू कर’ हे सांगण्यासाठीच असलेल्या आरटीएस-सीटीएस या स्वतंत्र तारांनी ही अडचण टळते, परंतु पाठवणे, घेणे आणि ग्राउंड अशा तीनच तारांच्या केबलमध्ये त्या नसतात, आणि मग संगणकात त्यांचे सेटिंग चालू असूनही काही उपयोग होत नाही.

वेग १२०० वर आणल्याने गळती थांबली, एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण कमी वेगाला खराब केबलही चालून जाते. गळती नेमकी कोठे होते ते पाहावे. ती नेहमी ओळीच्या आरंभी होत असेल, तर नव्या ओळीवर जाण्यात यंत्राचा वेळ जातो आहे असे समजावे. सेकंदाला १० अक्षरे छापणाऱ्या टेलिटाइप ३३ या जुन्या छपाई-टर्मिनलचे छापणारे मुंडकेही एका अक्षराच्या वेळेत डावीकडे परतत नसे.

आमच्या काट्यावरचा आकडा पावती छापली जात असतानाच गळत होता, म्हणजे तेव्हा संगणकाला तो उचलायला उसंत नव्हती. काट्याचा दर्शक वजन अखंड पाठवत राहतो, त्याला थांबवता येत नाही; म्हणून ओळ पूर्ण लांबीची असेल आणि लागोपाठ दोन ओळी जुळतील, तेव्हाच वजन स्वीकारायचे, असा बदल प्रोग्राममध्ये केला. केबल जुनीच आहे.