वाळवंटी रणभूमीची प्रतिकृती (लघुयुद्धखेळ)

सैनिक, रणगाडे व तोफा यांच्या लहान प्रतिकृती टेबलावर मांडून मोजपट्टी आणि फाशांच्या साहाय्याने लढाई खेळण्याच्या छंदात वाळवंटाचा भूभाग हाताने घडवण्याचे काम. प्राचीन इजिप्तपासून कल्पित ग्रहांपर्यंत अनेक पार्श्वभूमींसाठी असे भूभाग तयार केले जातात. त्यांपैकी दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेची मोहीम (१९४०–४३) ही छंदकर्मींची विशेष आवडती असल्याने प्रस्तुत नोंदीत तिचाच आधार घेतला आहे.

या कामातील सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या. इजिप्त-लिबिया सीमेलगत ज्या पट्ट्यात बहुतेक लढाया झाल्या, तो मुख्यतः चुनखडीच्या पठाराचा, खडी आणि दगडगोट्यांनी भरलेला, विरळ काटेरी झुडपांचा प्रदेश आहे. टेकड्यांचा विस्तीर्ण वाळूसमुद्र त्याच्या दक्षिणेला पसरलेला आहे. सल्लूमजवळचा उभा कडा आणि तो चढणारी हलफाया खिंड, बीर हकीमसारख्या जुन्या पाणसाठ्यांच्या जागा, एल अलामेनजवळची रुवैसात ही बुटकी, लांबट धार, अशा ठिकाणांवरून मोहिमेची दिशा ठरली. जुलै १९४२ मध्ये ज्या रुवैसातसाठी इतके रक्त सांडले, ती धार फारशी उंच नव्हती. सपाट मुलखात थोड्याशा उंचीलाही केवढे मोल येते, हे टेबलावर दाखवता आले की प्रतिकृती साधली असे समजावे. नकाशातील एवढी धार टेबलावर २–३ सेंटिमीटर उंचीची केली तरी पुरते, कारण तिच्यामागे रणगाड्याचा सांगाडा झाकला जाऊन फक्त बुरूज दिसतो आणि खेळाडूला खरा डावपेच करावा लागतो. असे चढउतार नसतील, तर दोन्ही बाजू पहिल्याच फेरीत एकमेकांना पूर्ण दिसतात आणि खेळ नेमबाजीपुरता उरतो.

प्रमाणाचा विचार येथे निर्णायक ठरतो. २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांसाठी सर्वसाधारणपणे १:५६ हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने १८० सेंटिमीटर लांबीचे टेबल म्हणजे प्रत्यक्षातील जेमतेम १०० मीटर, आणि १ मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे साडेपाच सेंटिमीटरचा दगड. १:२८५ या प्रमाणात तोच कण सुमारे २८ सेंटिमीटरचा धोंडा होतो. म्हणजे नदीची वाळू जशीच्या तशी चिकटवली, तर वाळूऐवजी खडकाळ माळ दिसतो. उत्तर आफ्रिकेच्या पठारासाठी हे उपकारकच आहे. मात्र मऊ वाळूचा पट्टा दाखवायचा असेल, तेथे कण न टाकता प्लास्टरचा गुळगुळीत थर देऊन तो रंगानेच उठवावा.

पाया म्हणून ६० सेंटिमीटर बाजूच्या चौरस फरशा करण्याची पद्धत उत्तम. अशा सहा फरशांत १८० × १२० सेंटिमीटरचे मैदान तयार होते आणि हव्या त्या क्रमाने जुळवता येते. एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) पातळ फळीवर ५ सेंटिमीटर जाडीचा दाट फोम बसवला, की कोरडे ओढे (वाडी) प्रत्यक्ष खोदता येतात. मैदान म्हणून नुसते कापड अंथरले, तर त्यावर ओढ्यांचे काठ वर उचलून दाखवावे लागतात आणि ते कधीच पटत नाहीत. फोम तापलेल्या तारेने कापताना निघणारी वाफ अपायकारक असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात. काठावर कॉर्कचे तुकडे थरांच्या दिशेने लावले की चुनखडीचे थर हुबेहूब दिसतात. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी असल्याने येथील छंदकर्मींनी कॉर्क, पुठ्ठ्याचे थर आणि कागदाचा लगदा यांवर भर देणे श्रेयस्कर.

डिंक म्हणून पाणी मिसळलेला पांढरा फेव्हिकॉल वापरून त्यावर खडी व वाळू वेगवेगळ्या जाडीत पसरतात. पहिला हात पाण्यात विरघळणाऱ्या तपकिरी रंगाचा असावा, कारण स्प्रेच्या डब्यातील द्रावक उघड्या फोमला खाऊन टाकतो. नंतर मातकट पिवळा आणि शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश फिकट बदामी रंगात बुडवून, फडक्यावर पुसून, उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात. लालसर छटा मोह पाडते. पण या पठाराचा रंग फिकट, राखाडीकडे झुकणारा आहे.

वाळूच्या टेकड्या करायच्याच असतील, तर वाऱ्याचा नियम पाळावा. वाळूच्या हालचालीचा शास्त्रीय अभ्यास राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने केला. १९४० मध्ये वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे लाँग रेंज डेझर्ट ग्रुप हे पथकही त्यानेच उभारले. वाऱ्याकडील उतार मंद आणि वाऱ्याआडचा ३०–३४ अंशांचा असतो, आणि चंद्रकोरी टेकडीची शिंगे वारा वाहतो त्या दिशेला असतात. एकाच मैदानावर सर्व टेकड्यांची तोंडे एकाच बाजूला ठेवली, तरच नजर त्यांना खरे मानते. तीव्र उतारावर प्रतिकृती घसरत असल्याने काही जण त्यावर बारीक पायऱ्या कोरतात.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक प्रसंग लिबियातील टोब्रुक या तटबंद बंदराचा. जून १९४२ मध्ये त्याच्या पूर्व भागाच्या बचावात ११ व्या भारतीय ब्रिगेडमधील मराठा पलटण, २/५ मराठा लाइट इन्फंट्री (पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण) होती. २० जूनला जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याचा मुख्य आघात याच भागावर झाला आणि दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले. येथील इटालियनांनी बांधलेली काँक्रीटची ठाणी जमिनीच्या पातळीला होती, वर आलेले बुरूज नव्हते. शिवाय रणगाडारोधक खंदक काही ठिकाणी उथळ आणि वाळूने भरलेला होता. म्हणून ही ठाणी करताना फोममध्ये गोल खड्डे खोदून त्यांच्या कडा प्लास्टरने लिंपाव्यात, खड्ड्यांना जोडणाऱ्या अरुंद चऱ्या कोराव्यात आणि पुढे बारीक तारेचे कुंपण लावून खंदकाची रेषा मुद्दाम तुटक ठेवावी.